सर्वोच्च न्यायालय शिकवायचंय? घाटापासून सुरुवात करा

आठवीच्या राज्यशास्त्रात न्यायव्यवस्थेवर एक धडा आहे. पुढे दहावीत ‘संविधानाची वाटचाल’ शिकवताना न्यायालय पुन्हा येतं. मधल्या काळात मुलांच्या डोक्यात एवढंच उरलेलं असतं की सर्वोच्च न्यायालय दिल्लीत आहे आणि तिथले न्यायाधीश पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. मग आपण पुन्हा नेमणूक, पात्रता, कार्यकाळ, अधिकारक्षेत्र असे मुद्दे फळ्यावर काढतो, मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि घंटा होते.

मी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. माझा आग्रह असा की रचना आणि कलमं शेवटी घ्या. आधी असा एक खटला घ्या ज्यावर वर्गातल्या प्रत्येकाचं मत ठाम आहे, आणि मग त्या मताची कारणं मागत राहा. सर्वोच्च न्यायालयाचं वेगळेपण इमारतीत किंवा काळ्या कोटात नाही. तिथे अंतिम शब्द ज्याचा असतो, त्यालाही आपल्या शब्दाची कारणं लिहून द्यावी लागतात. हे एकदा मुलांच्या लक्षात आलं की पुढचं सगळं भराभर होतं.

आमच्याकडे हा खटला शोधायला लांब जावं लागत नाही. इथे निम्म्या वर्गाला गृहपाठ आठवत नाही, पण बैलगाडा शर्यतीच्या कुठल्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, कुणाची बारी (गाड्याची धाव) किती सेकंदांत बसली ते तोंडपाठ असतं.

पहिला तास: शर्यत कोणी बंद केली?

फळ्यावर एकच प्रश्न लिहायचा: ‘२०१४ मध्ये बैलगाडा शर्यत कोणी बंद केली?’ उत्तरं येतात, ‘सरकारनं’, ‘कोर्टानं’, ‘दिल्लीवाल्यांनी’, ‘त्या प्राणीवाल्या संघटनांनी’. सगळी उत्तरं जशीच्या तशी फळ्यावर घ्या. कुणालाही चूक म्हणू नका. मग त्याच उत्तरांच्या शेजारी खालून वर घटनाक्रम लिहायला लागा.

१९६० मध्ये संसदेनं प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा केला. २०११ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून, खेळ-प्रदर्शनासाठी ज्यांना शिकवता वा वापरता येत नाही अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूच्या, म्हणजे बैलाला काबूत आणण्याच्या खेळाच्या, खटल्यात निकाल दिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी आली.

इथे थांबा. ‘खटला तमिळनाडूचा, मग आपली शर्यत का बंद?’ हा प्रश्न मुलं विचारतातच. नाही विचारला तर तुम्ही विचारा. निकालात महाराष्ट्राचं नाव स्पष्ट होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट कलम १४१ मध्ये आहे: सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. हे कलम असं प्रश्नाच्या पोटातून आलं की लक्षात राहतं. गाईडमधून आलं की चाचणीपुरतं राहतं.

पुढे २०१७. जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर मोठं आंदोलन झालं आणि तमिळनाडूनं हा खेळ चालू ठेवता यावा म्हणून १९६० च्या केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही केली. प्राण्यांवरील क्रूरता रोखणं हा विषय समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी जुळत नसेल तर त्याला राष्ट्रपतींची संमती लागते, ती मिळाली. संघराज्याचा अख्खा धडा इथे फुकटात होऊन जातो. तरीही मुंबई उच्च न्यायालयानं शर्यतींच्या परवानग्या रोखल्या. २०१८ मध्ये हा सगळा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांकडे सोपवला गेला. १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली. ती तारीख सांगितली की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी शर्यतीतल्यासारखी ‘भिर्र’ आरोळी ठोकतं. करू द्यावं. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं एकमतानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

आता तासाचा खरा प्रश्न: ‘आधी बंद केली, मग चालू केली. म्हणजे पहिला निकाल चुकला होता का?’

बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात. काही म्हणतात, दबाव आला असणार. त्यांना लगेच खोडू नका. दोन्ही वेळेला न्यायालयासमोर कायदा तोच होता का, एवढंच विचारा. हळूहळू कुणीतरी उत्तरापर्यंत पोचतं. २०१४ ला न्यायालयासमोर केंद्राचा कायदा होता आणि शर्यत त्या कायद्यात बसते का हे बघायचं होतं. २०२३ ला समोर राज्यांनी बदललेला कायदा होता आणि तो संविधानात बसतो का हे बघायचं होतं. प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदललं. शिवाय हा खेळ आपल्या संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवणं विधिमंडळाचं काम आहे, असं घटनापीठानं म्हटलं. २०१४ च्या निकालाचा कल याबाबत वेगळा होता, तेही सांगा. प्राण्यांना माणसासारखे मूलभूत हक्क आहेत असं मानायला आपल्याला आधार सापडत नाही, असंही २०२३ च्या निकालात आहे. आणि नियम व अटी काटेकोर पाळायला हव्यात असंही त्यात बजावलं आहे. हे शेवटचं वाक्य गाडामालकांच्या मुलांना दोनदा वाचायला लावा.

तुमच्या भागात घाट नसेल तर दुसरं काही असेल. मुंबई-ठाण्यात दहीहंडी घ्या: थरांची उंची आणि गोविंदांचं वय हा प्रश्न उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुंबईतच १९८५ चा पदपथावर राहणाऱ्यांचा खटला आहे, ज्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. सीमाभागात शिकवत असाल तर महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केलेला बेळगाव-सीमाप्रश्नाचा दावा घ्या. दोन राज्यांतला किंवा राज्य आणि केंद्रातला वाद थेट सर्वोच्च न्यायालयातच जातो, हे कलम १३१ त्या मुलांना घरातच ऐकायला मिळालेलं असतं, फक्त क्रमांक माहीत नसतो.

सिनेमातलं कोर्ट आधी बाहेर काढा

दुसऱ्या तासाची पहिली दहा मिनिटं यासाठी राखून ठेवा. मुलांच्या मनात हातोडा असतो, ‘ऑर्डर, ऑर्डर’ असतं, पिंजऱ्यात उभा साक्षीदार असतो आणि शेवटच्या क्षणी धावत येणारा पुरावा असतो. आपल्या न्यायालयांत हातोडा वापरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयात अपिलाच्या सुनावणीत साक्षीदार तपासले जात नाहीत. खाली जे कागदावर आलं, त्यावरून कायद्याचा युक्तिवाद होतो. मी शेतमोजणीवरच्या अपिलाचं उदाहरण देते: अपील ऐकणारा अधिकारी पुन्हा साखळी घेऊन बांधावर येत नाही, खालच्यानं मोजणी नियमानं केली का ते कागदावरून बघतो. आमच्या वर्गात प्रत्येकाच्या घरी बांधाचा एक तरी वाद असल्यामुळे पुढे समजवावं लागत नाही.

न्यायदेवतेचं चित्रही बदला. मुलं डोळ्यांवर पट्टी आणि हातात तलवार काढतात. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या ग्रंथालयात २०२४ मध्ये जी नवी मूर्ती दिसली, ती साडीत आहे, डोळे उघडे आहेत आणि तलवारीच्या जागी हातात संविधान आहे. दोन्ही चित्रं शेजारी लावा आणि कुठलं पटतं ते विचारा. यावर वाद चांगला होतो. पट्टी हवी असं म्हणणाऱ्यांची कारणं अनेकदा जास्त पक्की असतात.

भाषेचा प्रश्न टाळू नका. ‘मॅडम, तिथं मराठीत बोललं तर चालतं का?’ नाही चालत. कलम ३४८ नुसार तिथलं कामकाज इंग्रजीत होतं. हे सांगताना मला स्वतःला बरं वाटत नाही, पण गोड करून सांगण्यात अर्थ नाही. सोबत हेही सांगावं की अनेक निकालांचे मराठी अनुवाद आता न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि घटनापीठाच्या सुनावण्या २०२२ च्या सप्टेंबरपासून थेट दाखवल्या जातात. स्मार्ट टीव्ही असेल तर त्यातली आठ-दहा मिनिटं दाखवा. बोलणं कळलं नाही तरी चालेल. वकील एक वाक्य पुरं करतोय तोवर न्यायाधीश मध्येच प्रश्न विचारतात, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पुढच्या तासाला ते लागणार आहे.

वर्गाचं खंडपीठ

अभिरूप न्यायालय म्हटलं की स्नेहसंमेलनातली नाटुकली होते: एक आरोपी, एक रडणारी आई, टाळ्या. तसलं काही करू नका. खुनाचा खटला तर अजिबात नको. शाळेतल्या मुलांचाच एक खरा खटला आहे, तो घ्या. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, निकाल १९८६ चा.

एक पानाचं टिपण करून झेरॉक्स काढा आणि त्यात फक्त हकीकत ठेवा. केरळातल्या एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीतली तीन भावंडं. त्यांचा पंथ यहोवाचे साक्षीदार. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण म्हणत नसत, कारण देवाखेरीज कुणाचीही प्रार्थना करणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. एका आमदाराच्या हे लक्षात आलं, प्रश्न विधानसभेत गेला, चौकशी झाली. मुलं शिस्तीची आहेत, त्यांनी अवमान केलेला नाही, असा अहवाल आला. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेनं १९८५ च्या जुलैमध्ये त्यांना शाळेतून काढलं. केरळ उच्च न्यायालयात भावंडं हरली. निकाल टिपणात लिहू नका आणि मोबाइलवर शोधायचा नाही, असं बजावून ठेवा.

पाच जणांचं पीठ करा. खऱ्या खटल्यात दोनच न्यायाधीश होते. पण पाच असले की वर्गात मतभेद होण्याची शक्यता वाढते आणि आपल्याला मतभेद हवेच आहेत. वर्गात पहिले येणारे पाच निवडू नका. जास्त प्रश्न विचारणारे, प्रसंगी आगाऊ म्हणून बदनाम असलेले निवडा. उरलेल्यांचे दोन गट करा आणि प्रत्येकाला त्याच्या मनाविरुद्धची बाजू द्या. ज्याला वाटतं राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे, त्यानं भावंडांची वकिली करायची. सुरुवातीला चेहरे पडतात. तरी ही अट सोडू नका, कारण दुसऱ्याची बाजू त्याच्याइतक्याच ताकदीनं मांडायची सवय या एका अटीतून लागते.

प्रत्येक बाजूला दहा मिनिटं द्या. पीठाला सांगा, प्रत्येकानं किमान एकदा वकिलाला मध्ये अडवून प्रश्न विचारायचा. वकिलांना संविधानाची तीनच कलमं द्या: १९ मधलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, २५ मधलं धर्मस्वातंत्र्य आणि ५१ क मधलं राष्ट्रगीताचा आदर करण्याचं मूलभूत कर्तव्य. यापेक्षा जास्त दिली तर मुलं कलमं वाचत बसतात.

एकदा सरकारी बाजूच्या मुलानं टेबलावर हात आपटून भाषण ठोकलं: सैनिक, सीमा, बलिदान. वर्गानं टाळ्या वाजवल्या. पीठावरची एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, टाळ्या थांबेपर्यंत थांबली आणि म्हणाली, ‘ते उभे होते ना? मग म्हणायलाच पाहिजे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, ते दाखवा.’ त्यानं टिपण उलटसुलट केलं. कुठेच नव्हतं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांचा निकालही याच खिळ्यावर टांगलेला आहे: राष्ट्रगीत म्हणायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही, आदरानं उभं राहणं हा अनादर नाही, आणि खात्याच्या परिपत्रकाच्या बळावर मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. शेवटच्या बाबीवर शिक्षकांच्या खोलीत जरा जास्तच चर्चा होते, कारण आमचं सगळं आयुष्य परिपत्रकांवर चाललेलं असतं.

युक्तिवाद संपल्यावर पीठाला बाहेर व्हरांड्यात पाठवा. तिथे प्रत्येकानं स्वतंत्रपणे पाच-सहा ओळींत निकाल लिहायचा: काय ठरवलं आणि का. ‘मला असं वाटतं’ यानं सुरू होणारं वाक्य चालणार नाही. ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे. मत वेगळं असेल तर भिन्नमत लिहायचं आणि तेही मोठ्यानं वाचायचं. मग खरा निकाल सांगा. भावंडांना शाळेत परत घ्या, असा आदेश होता. निकालाचा शेवट आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, संविधान ती आचरतं, या अर्थाच्या ओळींनी होतो. वर्गातलं पीठ याच्या उलट गेलं असेल तरी बिघडत नाही. त्यांची कारणं खऱ्या निकालातल्या कारणांशेजारी ठेवून बघा.

किती न्यायाधीश, आणि का

आता रचना घ्या. २०१४ ला दोन, २०२३ ला पाच, असं का? संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायाधीश बसावे लागतात, कलम १४५. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं पीठ तेरा जणांचं, केशवानंद भारती खटल्यात. २४ एप्रिल १९७३ ला तिथे सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरलं की संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका मताचा फरक ऐकून मुलं चमकतात. १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून आठच न्यायाधीश होते. २०१९ मध्ये मंजूर संख्या चौतीस झाली. न्यायालय आधी संसद भवनातच भरायचं, १९५८ मध्ये आताच्या इमारतीत गेलं. एवढं पुरे, वास्तूवर वेळ घालवू नका.

भिन्नमत का जपून ठेवतात, हे दाखवायला आमच्याकडे घरचं उदाहरण आहे. चंद्रचूड घराणं मूळचं आमच्याच तालुक्यातल्या कन्हेरसरचं. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात, अटक झालेल्याला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल चार विरुद्ध एक मतांनी लागला. बहुमतात य. वि. चंद्रचूड होते, विरोधात एकटे ह. रा. खन्ना. २०१७ मध्ये गोपनीयतेच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं तो निकाल मोडीत काढला. तसं लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, य. विं.चे चिरंजीव. वर्गात हे सांगितलं की दोन प्रतिक्रिया येतात: ‘वडिलांच्या विरोधात?’ आणि ‘बापानंतर पोरगा पण जज कसा?’ दुसरा प्रश्न झटकू नका. तिथून न्यायवृंदावर या: सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश नावं सुचवतात. ही पद्धत बदलण्यासाठी संसदेनं केलेली घटनादुरुस्ती न्यायालयानंच ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी रद्द केली. हे योग्य की अयोग्य यावर मोठमोठे कायदेपंडित भांडतात. दहावीतल्या मुलांनीही भांडावं.

आरक्षणाचा प्रश्न येणारच. माझ्या वर्गात मराठा, ओबीसी, अनुसूचित जाती-जमातींची मुलं एका बाकावर बसतात, आणि त्यांना घरी परत एकाच रस्त्यानं जायचं असतं. हा विषय मी खंडपीठाच्या खेळासाठी कधीच घेत नाही. विचारलं तर हकीकत सांगते: १९९२ मध्ये नऊ न्यायाधीशांनी पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली. ५ मे २०२१ ला पाच न्यायाधीशांनी महाराष्ट्राचा २०१८ चा मराठा आरक्षण कायदा रद्द केला आणि जुना निकाल मोठ्या पीठाकडे पाठवायला नकार दिला. पाच जणांना नऊ जणांचा निकाल बदलता येत नाही, हा त्यातला न्यायालयाबद्दलचा धडा. २०२४ मध्ये नवा कायदा झाला, त्यालाही आव्हान दिलं गेलं. माझं मत विचारलं तर सांगत नाही.

दिल्ली लांब आहे, तालुका जवळ आहे

सहलीनं दिल्लीला नेणं आमच्या शाळेच्या खिशात बसत नाही, आणि त्याची फारशी गरजही नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र तालुका विधी सेवा समितीला द्या. शाळेत येऊन कायदेविषयक शिबिर घेणं हे त्यांचं कामच आहे, आणि त्यांच्याच ओळखीनं न्यायालय आतून बघता येतं. दहा-दहाच्या गटांनी न्या, मोबाइल शाळेत ठेवायला लावा, आणि कौटुंबिक वादाचं कामकाज चालू असेल तिथे मुलांना बसवू नका, गावातलीच माणसं असतात. परत आल्यावर फळ्यावर शिडी काढा: तालुका, जिल्हा, मुंबई, दिल्ली. कलम ३२ इथे ठेवा, कारण ते ही सगळी शिडी ओलांडून थेट वर नेतं. मूलभूत हक्कावर घाला आला तर सरळ सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, आणि या तरतुदीला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत संविधानाचं हृदय आणि आत्मा म्हटलं होतं.

चाचणीत पात्रता आणि कार्यकाळ विचारा, बोर्डासाठी ते लागतं. पण एक प्रश्न असा ठेवा: एका काल्पनिक गावानं शाळेत मुलींना सायकलवर यायला बंदी केली आहे, त्याविरुद्ध न्यायालयात जायचं तर कुठल्या, कोणत्या कलमाखाली, आणि गावाची बाजू काय असेल? पाच गुणांपैकी तीन गावाच्या बाजूच्या मांडणीला द्या. पहिल्या वर्षी पालक विचारायला येतात की हे कुठल्या पुस्तकात आहे. त्यांना उत्तरपत्रिकाच वाचायला द्या.